वर्गणी, कार्ड आणि खाडा : प्रस्तावना

मुंबई–हावडा रेल्वेमार्ग भिलाईच्या मधून जातो. रुळांच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याची टाउनशिप आहे. तिथे आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, रुंद रस्ते आणि क्वार्टरच्या अंगणातले आंबे. उत्तरेला जी. ई. रोड, पॉवर हाऊसचा बाजार, सुपेला, कॅम्प एक, कॅम्प दोन. माझे वडील वर्धा जिल्ह्यातून इथे नोकरीला आले आणि आम्ही दक्षिणेकडचे झालो. आमच्या देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात एक मळकी वही असायची. तिला सगळे ‘मेडिकल बुक’ म्हणत. ताप आला की आई ती वही पिशवीत टाके आणि आम्हाला घेऊन निघे. दुखणं मोठं असलं तर सेक्टर नऊचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टर वहीत लिहीत, खिडकीतून गोळ्या मिळत, आणि या साऱ्यात पैशांचा विषय कुठेच निघत नसे. आजारपणाला किंमत असते हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

कळलं ते आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंमुळे. त्या रोज रूळ ओलांडून येत. त्यांचा नवराही कारखान्याच्या आतच राबायचा, पण ठेकेदाराकडे. भट्टीची धग त्याला आणि माझ्या वडिलांना सारखीच लागत होती. वही मात्र एकाच्याच घरी होती. एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग एक खाजगी नर्सिंग होम, मग चांदीची करधन गहाण. तो वाचला, पण दोन महिने घरी बसला, आणि धाकट्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. त्या दिवसांत एकदा बाईंनी कोनाड्यातली ती वही हातात घेऊन आईला विचारलं, “दीदी, ये किताब कहाँ बनती है?”

आईला उत्तर देता आलं नाही. पुढची पानं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची खटपट आहे.

या विषयाला जाडजूड नाव आहे, ‘अल्प उत्पन्न गटांसाठी सामाजिक आरोग्य विमा’. नाव बाजूला ठेवलं तर मामला आपल्या भिशीइतका जुना आहे. दहा जणांनी थोडं थोडं टाकायचं आणि अडल्याला उचलू द्यायचं. फरक इतकाच की भिशीत प्रत्येकजण आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहतो, आणि विम्यात आपला नंबर कधीच लागू नये अशी प्रार्थना करतो. खाजगी विमा कंपनी तुमचं वय आणि जुनी दुखणी पाहून हप्ता ठरवते. सामाजिक विम्यात ऐपतीप्रमाणे द्यायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. धडधाकट माणूस आजाऱ्याचा भार उचलतो, तरुण म्हाताऱ्याचा, आणि बऱ्या पगाराचा माणूस रोजंदारीवाल्याचा.

ऐकायला हे सरळ आहे, पण चालवायला गेलं की दोन अडचणी आडव्या येतात. पहिली अशी की नोंदणी ऐच्छिक ठेवली तर ज्यांना दुखण्याची भीती आहे तेच आधी नाव घालतात. गंगाजळी आटते, हप्ता वाढतो, निरोगी माणसं बाहेर पडतात आणि योजना बसते. दुसरी अडचण गरीब देशांत जास्त बोचते. वर्गणी कापायची कुणाच्या पगारातून? जिथे बहुसंख्य माणसं पगारपत्रकावरच नाहीत, तिथे कापणार कोण आणि भरणार कोण? जगभरच्या योजना या दोन प्रश्नांना निरनिराळी उत्तरं देतात. त्यांच्या मागे एक तिसराही प्रश्न असतो, आणि तो सहसा विचारला जात नाही. जमलेल्या पैशाच्या तिजोरीची किल्ली कुणाच्या कनवटीला? माझ्या मते बाकी सगळं या किल्लीवर ठरतं.

इतिहास पाहू. १८८३ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. आजारी कामगाराला औषधोपचार तर मिळतच, शिवाय तेरा आठवडे निम्मी मजुरीही मिळे. बिस्मार्कला कामगारांचं प्रेम नव्हतं, त्याला समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची होती. पण दोन तृतीयांश वर्गणी कामगारांची, म्हणून स्थानिक निधींच्या कारभारात दोन तृतीयांश जागाही त्यांच्या झाल्या. ज्यांना दाबायचं होतं त्यांच्याच हाती किल्ली गेली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे गेलं. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी आपल्या लक्षात राहिली. त्याच निवेदनात आणखी एक कलम होतं. कामावर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. सामाजिक सुरक्षा ही युरोपातून आलेली कल्पना आहे असं आपण सहज म्हणून टाकतो. परळच्या कामगाराने ती जवळजवळ त्याच वेळी स्वतःच्या गरजेतून मांडली होती. फक्त जर्मनीत तिचा कायदा झाला, आपल्याकडे अर्ज राहिला.

त्या अर्जाचा कायदा व्हायला साठ-पासष्ट वर्षं गेली. दुसरं महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम सोपवण्यात आलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. विमा सक्तीचा असावा आणि वर्गणीवर उभा असावा हा अदारकरांचा गाभा १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात उतरला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कामगार जिला ‘ईएसआय’ म्हणतात ती हीच. आज मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. उपचार अख्ख्या कुटुंबाला मिळतात. नेमात बसणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षातले ९१ दिवस सत्तर टक्के मजुरी मिळते. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे. बिस्मार्कचा आकडा असा भारतीय कायद्यात येऊन बसला आहे.

आता भिलाईकडे येऊ. सोव्हिएत रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पेटली. कारखान्यासोबत घरं, शाळा, दवाखाने आले. मालकाने कामगाराच्या अख्ख्या आयुष्याची हमी घ्यायची, असा तो काळ होता. आमची मळकी वही त्या हमीची पावती होती. तिच्यात विमा नव्हता, हप्ता नव्हता. पण ही हमी माणसाला नव्हती, नोकरीला होती. कायम कामगारांची संख्या वर्षागणिक आटत गेली, ठेक्यावरच्यांची वाढत गेली, आणि हमीचं छत्र आकसलं. ठेक्यावरच्या कामगाराला ईएसआयचा आधार आहे, पण ठेकेदाराने नाव नोंदवलं आणि वर्गणी वेळेवर भरली तर. कागदावर दर महिन्याला नवा माणूस दाखवायचा आणि वर्गणीचे दिवस पुरे होऊ द्यायचे नाहीत, या युक्त्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात. दुसऱ्या टोकाला, महिन्याचा पगार २१ हजारांच्या वर गेला की कामगार योजनेतून बाहेर. ओव्हरटाइमला घाबरणारा कामगार मी पाहिलेला नाही, पण पगारवाढीला घाबरणारे पाहिले आहेत.

हमी नोकरीला होती, हे दक्षिणेकडच्यांनाही एक दिवस कळतंच. निवृत्तीनंतर वहीची जागा मेडिक्लेमने घेतली. वर्षाला हप्ता भरायचा, नूतनीकरणाची तारीख चुकवायची नाही, आणि वरची मर्यादा लक्षात ठेवायची. सत्तरीतल्या वडिलांनी चष्मा पुसत पुसत तो फॉर्म भरला. ‘हे कोण मंजूर करतं?’ हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

भिलाईची भट्टी जिच्या लोहखनिजावर धगधगते ती दल्ली-राजहरा तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. पूर्वी दुर्ग जिल्ह्यात होती, २०१२ पासून बालोद जिल्ह्यात. इथल्या खाणींत ठेक्यावर दगड फोडणाऱ्या हजारो बायाबापड्यांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली आपली युनियन उभी केली. २ आणि ३ जून १९७७ ला पोलिसांनी गोळीबार केला, अकरा जण मारले गेले. पुढच्या काळात युनियनच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. ज्या बाईमागे हजारो माणसं चालत होती तिला वेळेवर उपचार मिळू शकले नाहीत. कामगारांनी तेव्हा दवाखान्याची मागणी करण्याऐवजी दवाखाना बांधायचं ठरवलं. १९८२ साली एक छोटा दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ ला, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालयाचं दार उघडलं. बांधकाम श्रमदानातून झालं होतं, पैसा कामगारांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. विनायक सेन, आशिष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना असे तरुण डॉक्टर तिथे आले, पण दवाखाना डॉक्टरांचा नव्हता. खाणीतून सुटी झाल्यावर कामगारच तिथे आरोग्य कार्यकर्ते म्हणून ड्यूटी करत.

काटेकोर अर्थाने हा विमा नव्हे. कुणाचा हप्ता ठरलेला नव्हता, कार्ड नव्हतं. पण विम्याचं सार तिथे होतं, आणि विम्यात सहसा न सापडणारी एक गोष्टही होती. सलाईन आणि सुया यांवर पैसे उधळायचे नाहीत, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, विनाकारण टॉनिक लिहायचं नाही, हे तिथे नियम झाले. निधी आपला असला की प्रत्येक अनावश्यक इंजेक्शन आपल्याच खिशातून जातं, हे कामगाराला समजावून सांगावं लागत नाही. नियोगींचं सूत्र होतं संघर्ष आणि निर्माण. १९९० नंतर ते भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांना संघटित करू लागले, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच झोपेत त्यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ ला, पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या आंदोलकांवर गोळीबार झाला. धुणंभांडी करणाऱ्या बाई ज्या रुळांवरून आमच्याकडे येत, तेच हे रूळ. रुग्णालय मात्र टिकलं.

मराठी वाचकाला याचं जुळं भावंड घराजवळ सापडेल. माझं आजोळ सेवाग्रामच्या बाजूचं, म्हणून मला ते लवकर दिसलं. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत गेले. त्यातून जी योजना उभी राहिली तिची वर्गणी पैशात नव्हती, ज्वारीत होती. मोसमात खळ्यावर रास पडली की ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी. शेतकऱ्याच्या हातात नोटा कधी असतात आणि धान्य कधी असतं, हे जाणणाऱ्या माणसालाच हे सुचतं. जूनमध्ये बी-बियाणं घेताना हप्ता मागितला तर कुणी देणार नाही. खळ्यावर मागितला तर दान दिल्यासारखं आनंदाने देतील.

त्याहून शहाणपणाची होती एक अट. गावातली किमान पंचाहत्तर टक्के घरं सामील झाली तरच गावाला योजना लागू. मघाची पहिली अडचण आठवा. आजारी तेवढेच आत येतात. सक्तीचा कायदा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी गावाचा आग्रह वापरला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओढून आणलं. अचानक आलेल्या दुखण्याला रुग्णालयात पैसे लागत नसत. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी बिलाचा थोडा भाग भरावा लागे. गावात आरोग्यसेवक, किरकोळ औषधं आणि वरच्या दवाखान्याशी बांधलेला दुवा होता. योजना चालू ठेवायची की नाही याचा निर्णय गावसभेत होई. पुढे वर्धा जिल्ह्यात ज्वारीची शेतं जाऊन सोयाबीन आलं, वर्गणीही रोख झाली. माझ्या मामांच्या तोंडी मात्र शब्द तोच राहिला, “दवाखान्याची ज्वारी.”

दल्ली-राजहरा आणि सेवाग्रामची गोष्ट सांगून इथेच थांबणारी पुस्तकं मला आवडत नाहीत. ती वाचून वाटतं, गावोगावी असं केलं की झालं. तसं होत नाही. खळ्यावरच्या ज्वारीतून हृदयाची झडप बदलता येत नाही, डायलिसिस तर दूरच. सेवाग्रामच्या योजनेमागे एक अख्खं वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि त्याला सरकारी अनुदान होतं. गरिबांनी आपापसांत वर्गणी काढायची म्हणजे एका गरिबाचा भार दुसऱ्या गरिबावर टाकायचा. श्रीमंताचा खिसा त्यात कुठेच येत नाही. म्हणून सरकारला, म्हणजे करांच्या पैशाला, उतरावंच लागतं.

सरकार उतरलं ते कार्ड घेऊन. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने ३० रुपये भरायचे, पाच जणांना वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळायचे, आणि अंगठ्याचा ठसा असलेलं स्मार्ट कार्ड देशभर चालायचं. छत्तीसगडने २०१२ मध्ये मुख्यमंत्री स्वास्थ्य विमा योजना आणून दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही आत घेतलं. सगळ्यांना कार्ड हे धाडस तेव्हा फार थोड्या राज्यांनी केलं होतं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. एप्रिलमध्ये तिचं पहिलं आरोग्य केंद्र बिजापूरच्या जांगला गावात सुरू झालं. २३ सप्टेंबरला रांचीहून पाच लाखांची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. २०२० मध्ये छत्तीसगडने विमा कंपन्यांना बाजूला सारून डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने स्वतःची योजना चालवली. पुढे सरकार बदललं आणि ती शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात हेच नाट्य वेगळ्या पात्रांनी झालं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचं नाव, आणि दीड लाखांचं संरक्षण आता पाच लाखांवर. कार्डावरचे फोटो आणि नावं बदलत गेली. ते धरणाऱ्या हाताचं काय झालं?

बरंच चांगलंही झालं, हे आधी कबूल करू. ज्या घरात ‘मोठं ऑपरेशन’ हा शब्द मरणाच्या बरोबरीने उच्चारला जाई, तिथली माणसं आज बायपास करून घरी येतात. हे कमी लेखणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.

पण कार्डाची यंत्रणा आतून पाहा. विमा कंपनीला प्रत्येक कार्डामागे हप्ता मिळतो, म्हणून तिला कार्डं खूप आणि दावे थोडे हवेत. रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरलेलं पॅकेज मिळतं, म्हणून त्याला फायद्याची पॅकेजेस हवीत. सरकारला आकडा हवा, किती कोटी लाभार्थी झाले याचा. या तिघांच्या हिशेबात आजारी माणूस म्हणजे ज्याचा अंगठा लागतो तो. २०१२ साली छत्तीसगडमध्ये गदारोळ उठला. पॅकेजच्या पैशांसाठी काही खाजगी दवाखान्यांनी गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याचे आरोप झाले, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि कार्ड स्वाइप करायचं. शहीद रुग्णालयात अनावश्यक सलाईनवर आक्षेप घेणारा कामगार आणि ही बाई यांत अकलेचा फरक नव्हता. एकाला निधीचा हिशेब माहीत होता, दुसरीला आपल्या नावावर किती पैसे कापले गेले हेही कळवलं जात नव्हतं.

शिवाय ‘कॅशलेस’ हा शब्द. २०१४ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आधारे छत्तीसगडमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की खाजगी रुग्णालयात दाखल झालेल्या बहुसंख्य विमाधारकांना पदरचे पैसे मोजावेच लागले. औषध बाहेरून आणा, तपासणी बाहेर करा, पॅकेज पुरत नाही, वरचे एवढे भरा. आणखी मुळातली गोष्ट अशी की या योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, खोकल्यासाठी घातलेल्या फेऱ्या यांना कार्ड चालत नाही. गरिबाचा खिसा मोठ्या ऑपरेशनने एकदाच फाटतो. या रोजच्या गोळ्यांनी तो झिरपत राहतो. आणि साखरेची गोळी परवडली नाही म्हणून सडलेला पाय कापण्याचे पैसे मात्र कार्डातून मिळतात.

त्यानंतर खाडा. हा शब्द समजायला बीडला जावं लागेल. ऊसतोड मजूर जोडप्याने एक दिवस काम चुकवलं की मुकादम त्याचा खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. पाळी, अंग बाहेर येणं, पांढरं जाणं या त्रासांत खाडे पडू नयेत म्हणून तिशीतल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. छत्तीसगडची गर्भाशयं आणि बीडची गर्भाशयं शेजारी ठेवली की विम्याची दोन्ही भोकं दिसतात. एका ठिकाणी पैसा होता, पण त्यावर नजर नव्हती. दुसऱ्या ठिकाणी बुडालेल्या मजुरीची भरपाईच नव्हती. बिस्मार्कच्या कायद्यात आजारपणाची मजुरी होती, लोखंड्यांच्या निवेदनात निदान इजेच्या काळातली होती, ईएसआयमध्ये आहे. पाच लाखांच्या कार्डात ती नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला पाच लाखांचे उपचार फुकट मिळाले, पण पंधरा दिवस चूल कशी पेटणार हे कुणी सांगितलं नाही, तर तो उपचार पुढे ढकलतो. आमच्या बाईंच्या नवऱ्याचं हेच झालं होतं. कावीळ अंगावर काढायला त्याला औषधाच्या किमतीपेक्षा खाड्याच्या भीतीने भाग पाडलं.

मग पगारपत्रक नसलेल्याचा खाडा कोण भरणार? याचंही उत्तर महाराष्ट्राने एकदा देऊन ठेवलं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांची मंडळं झाली. हमालाला एकच एक मालक नसतो, सकाळी एका व्यापाऱ्याचा माल तर दुपारी दुसऱ्याचा. म्हणून कायद्याने माणसाला मालकाशी न बांधता मालाला वर्गणी लावली. जो माल उतरवून घेईल त्याने मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्या, वैद्यकीय सोय. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी युनियनने आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हे हक्क लढून मिळवले आणि राखले. पगारपत्रक नाही म्हणून सामाजिक विमा अशक्य, असं म्हणणाऱ्या तज्ज्ञाला एकदा मार्केट यार्डात न्यावं.

बाहेरच्या जगातून एकच उदाहरण घेतो. थायलंडने २००१ पासून, श्रीमंत देश नसतानाही, पगारदार वर्गाबाहेर उरलेल्या सगळ्यांना आत घेतलं. सुरुवातीला एका भेटीला ३० बात, बाकी खर्च करांतून. आधी जवळच्या दवाखान्यात जायचं, गरज पडली तर वर. बाह्यरुग्ण सेवेसाठी रुग्णालयाला नोंदलेल्या माणसांमागे ठरलेली रक्कम मिळते, म्हणून माणूस निरोगी राहण्यात दवाखान्याचंही हित. आणि योजना चालवणाऱ्या मंडळावर कायद्यानेच लोकसंघटनांचे प्रतिनिधी असतात. म्हणजे पैसा सरकारचा असला तरी किल्लीला लोकांचाही हात लागतो. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. फक्त वर्गणीवर मोठी दुखणी पेलत नाहीत, आणि फक्त कार्ड दिलं तर माणूस याचक होतो. करांचा पैसा आणि वर्गणीदाराचा जाब विचारण्याचा हक्क, या दोहोंची सांगड घालता आली पाहिजे. वर्गणीची रक्कम कितीही लहान असो, ती दिली की माणूस दवाखान्याच्या खिडकीशी वेगळ्या आवाजात बोलतो.

पुढची प्रकरणं त्या आवाजाच्या शोधात आहेत. पहिल्या भागात ईएसआयचा कायदा कलमागणिक न सांगता एका ठेका कामगाराच्या वर्षभराच्या हजेरीतून उलगडला आहे. दुसऱ्या भागात दल्ली-राजहरा आणि सेवाग्राम. तिसऱ्या भागात कार्ड : दाव्याचा कागद कुठून कुठे फिरतो, नाकारला कुठे जातो आणि तक्रार कुणाकडे करायची. शेवटचा भाग मितानिनींचा आहे. छत्तीसगडीत मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवाचा मित्र. २००२ पासून गावोगावी आणि वस्तीवस्तीत निवडलेल्या या आरोग्यसखी पुढे देशभर आलेल्या आशा सेविकांच्या थोरल्या बहिणी ठरल्या. कार्ड घेऊन आलेल्या बाईसोबत खिडकीशी उभी राहणारी बहुधा मितानिनच असते. तज्ज्ञांनी तो भाग आधी वाचावा असं मला सुचवावंसं वाटतं.

आमच्या त्या बाई आता थकल्या आहेत. वडील गेले, ती वही कधीच जमा झाली. मागच्या वर्षी मी कॅम्पातल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तीन कार्डं काढून माझ्यापुढे मांडली, प्रत्येकावर वेगळ्या योजनेचं नाव. त्यांना वाचता येत नाही. “इसमें से कौन सा चलता है?” त्यांनी विचारलं. मी तिन्ही उलटसुलट करून पाहिली आणि एक त्यांच्या हातात दिलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तो मी वहीत तसाच उतरवून घेतला, कारण आईला विचारलेल्या प्रश्नापेक्षा तो चाळीस वर्षांनी पुढे आलेला होता. “और जो बोले नहीं चलता, तो किसको पूछना है?”

भिलाई